भाडेकरूचं अंथरूण

ता. २ फेब्रुवारी, बुधवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

सकाळी सहाला उठलो. दूध तापवलं, केर काढला. दुपारी भाडेकरूच्या पेटीतला वाळका पाचोळा काढून पोत्यात भरला, पेटी कोमट पाण्यानं पुसली आणि तूर्त खाली वर्तमानपत्र घातलं. संध्याकाळी खालच्या शिंपीकाकांकडे दादाच्या चार पँटी दिल्या. त्यांना त्या लांब होतील. ते म्हणाले, "होऊ देत. आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड केल्या, आता एकदा स्वतःसाठी करतो." एवढाच दिवस.

पोचल्याचा फोन केलास, त्यानंतर तुझा फोन नाही. मी दोनदा लावला, तू उचलला नाहीस. कामात असशील. "बाबा, तुम्ही फोनवर नुसते श्वास घेता," असं तू कॉलेजात असल्यापासून ऐकवत आली आहेस, म्हणून पत्र लिहितो.

निघताना तू दोन गोष्टी बोललीस. पहिली म्हणजे, साप आधी घराबाहेर काढा आणि माझ्याकडे राहायला या. दुसरी तू दारात उभी राहून विचारलीस. "डॉक्टर म्हणतात, दादा शुक्रवारी रात्रीच गेला. आणि तुम्ही सगळ्यांना सांगताय की शनिवारी दुपारी दाराबाहेरून त्याच्याशी बोललात. बाबा, तुम्ही बोललात कोणाशी?" तेवढ्यात खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला आणि मी सुटलो.

आधी पहिलीचं उत्तर देतो.

भाडेकरूला एवढ्यात कुणाला देता येणार नाही. डिसेंबरअखेर त्यानं शेवटचं खाल्लं. दादा ज्या दुकानातून त्याचं खाणं आणायचा तिथल्या बाईंकडे मी गेलो होतो. त्या म्हणाल्या, खात नसलेला साप कोणी घेणार नाही. मग विचारलं, "आजोबा, पेटीत खाली काय घातलंय?"

"वाळकी पानं आणि सालीचे तुकडे."

"मग चांगलंय की. लपायला मिळतं त्याला."

"ते काढायचं म्हणतोय. आवाज फार येतो."

त्या हसल्या. "सापाच्या पेटीचा आवाज? कान तरुण आहेत हं तुमचे!"

दुसरं काय घालता येईल, तेवढं विचारून आलो.

तू त्याला कधी नीट पाहिलं नाहीस म्हणून लिहितो. तांबूस अंग, वर विटकरी ठिपके, विष अजिबात नाही. लांबीला माझ्या दोन हातांपेक्षा थोडा जास्त. मलाही तो आवडत नव्हता. भाडेकरू हे नाव मीच ठेवलं, कारण तो बोलत नाही, दिवसभर झोपतो आणि भाडं देत नाही. तेव्हा दादा म्हणाला होता, "हे तर माझंच वर्णन झालं, फक्त मी लाइटचं बिल भरतो."

दादा त्या थराला सबस्ट्रेट म्हणायचा. मी अंथरूण म्हणायचो. तो म्हणे, "बाबा, तो काय पाहुणा आलाय का?"

एकतीस वर्षं मी माती तपासली, त्यामुळे या कामाची मला भीती वाटत नाही. प्रयोगशाळेतले झाकणाचे चार डबे अजून घरात आहेत. त्यांत नमुने घेतले आहेत: वाळू, नारळाच्या काथ्याचा भुसा, लाकडाचा कीस आणि बागेतली माती. मला वाळू पसंत होती. चाळून, धुऊन, भाजून घेतली की तिच्यात कीड राहत नाही. पण दुकानातल्या बाई अंगावरच आल्या. "खाण्याबरोबर पोटात गेली की आतडं तुंबतं त्याचं. वाळू घालायची तर सरळ मारूनच टाका ना!" वाळूचा डबा कुंडीत रिकामा केला.

वर्तमानपत्राला काही आवाज नाही. खोली अगदी शांत आहे.

प्रकृतीस जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. २० फेब्रुवारी, रविवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी दुधाची पिशवी फुटलेली निघाली. बदलून आणली. दुपारी दादाच्या चष्म्याच्या दुकानातले दोघे जण येऊन त्याचा डबा आणि काचा घासताना घालायचा एप्रन देऊन गेले. पाच मिनिटं बसले. एक जण म्हणाला, "काका, तुमचा मुलगा आठ तासांत आठ शब्द बोलायचा, पण त्याच्या हातची काच परत कधी आली नाही." मी "हो" म्हटलं.

तुझी चिठ्ठी पोचली. तीनच ओळी आहेत, पण पोचली. तू लिहितेस, "मी सापाबद्दल विचारलेलं नाही." ते मला माहीत आहे.

तरी सापाबद्दलच लिहितो. रागावू नकोस.

वर्तमानपत्रावर तो आठ दिवस राहिला. त्याला ते आवडलं नाही. तो कागदाखाली शिरायचा आणि वर एक उंचवटा दिसायचा. पहिल्या दिवशी तो उंचवटा माझ्या खोलीच्या भिंतीला लागून होता. मी पेटी फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी उंचवटा पुन्हा त्याच भिंतीकडे. पेटीखालची ऊब देणारी गादी दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे तो ऊब सोडून तिकडे जात होता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "असतं एखाद्याचं." मी माझ्या नोंदींच्या वहीत तसंच लिहून ठेवलं.

पहिल्याच शनिवारी मी माझ्या खोलीत पडलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. भिंतीपलीकडून खसखस ऐकू आली. वाळक्या पाचोळ्यावरून काही सरकलं की येते, तशी. हा आवाज मी चार वर्षं ऐकला आहे, माझी चूक होणार नाही. आणि पेटीत पान नावालाही उरलं नव्हतं.

उठून गेलो. भाडेकरू कागदाखाली निजलेला. पाचोळ्याचं पोतं गच्चीत, तोंड सुतळीनं बांधलेलं, गाठ माझीच. परत येऊन पडलो. पुन्हा काही आलं नाही.

शिंपीकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "उंदीर असेल." मी म्हटलं, "साप असलेल्या खोलीत?" ते म्हणाले, "मग धाडसी उंदीर असेल." आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी मशीन चालवायला घेतलं आणि मी वर आलो.

पुढच्या आठवड्यात काथ्याचा भुसा घातला. तो विकत आणावा लागला नाही. दादाच्या टेबलावर एक पाकीट होतं, कात्रीनं कोपरा कापलेलं. तेच वापरलं. ओल मापायला मला यंत्र लागत नाही. मूठ आवळायची, पाणी ठिबकता कामा नये आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला पाहिजे. तसा भुसा करून चार बोटं जाड थर दिला. भाडेकरू त्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

एक दिवस दिसला नाही. दोन दिवस नाही. काथ्याच्या भुशाला आवाज नसतो. मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. पाणी जसंच्या तसं. वरचा थरही जसाच्या तसा. माझ्या बोटाचा एक ठसा उमटला होता, तोसुद्धा मोडला नव्हता. बाईंना फोन केला.

"उकरू नका. त्याला राहू द्या."

"पण तो आहे की नाही, हे कसं कळणार?"

"आहे असं धरून चालायचं, आजोबा."

ठमे, हे वाक्य ऐकून मी फोन खाली ठेवला.

तुला ती पाटी आठवते का? पुठ्ठ्याची, वर मेणकापड, लाल अक्षरं: "काम चालू आहे. उघडू नये." प्रयोगशाळेत मातीचे नमुने ओव्हनमध्ये ठेवले की मी ती दाराला अडकवायचो. चोवीस तास कोणी ओव्हन उघडायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. उघडला की सगळं वजन चुकतं. निवृत्त झालो तेव्हा ती पाटी घरी आणली आणि भाडेकरू आल्यावर दादाला दिली. खाणं, कात टाकणं किंवा अंथरूण बदलणं, यांतलं काहीही झालं की त्याला दोन दिवस हलवायचं नसतं. मग दादा ती आपल्या खोलीच्या दाराला अडकवायचा आणि मी दार उघडत नसे. आमच्यात तेवढं एक नीट ठरलेलं होतं.

चौथ्या दिवशी मी भुसा उकरला. तो तळाशी होता, गुंडाळी करून. जिवंत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उचललं. दोन्ही हातांवर घेतलं. गार आणि कोरडा लागला. जड म्हणावा इतका नाही, पण सगळं वजन एकाच जागी थांबत नव्हतं. तो माझ्या मनगटावरून हळूहळू पुढे जात होता.

आणि खसखस ऐकू आली.

भाडेकरू माझ्या हातांत होता. खिडकी बंद होती. पंखा बंद होता. दिवसाउजेडी, माझ्या मागे, दाराच्या बाजूला, जमिनीलगत. फार वेळ नाही. एखाद्यानं पाय जवळ घ्यावा तेवढाच.

मी मागे वळलो नाही. भाडेकरूनं मात्र मान उचलली आणि दाराकडे वळवून धरली. जीभ आतबाहेर करत तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग मान खाली घातली.

वार शनिवार होता. हे मी वहीत लिहिलेलं नाही. फक्त तुला लिहितो आहे.

तुझा,
बाबा

ता. १२ मार्च, शनिवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

भाडेकरू जेवला. गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला. म्हणजे आता तो कोणालाही देता येईल. तुला आधी हेच सांगायला हवं.

लाकडाचा कीस घातला आहे. आधी आपल्या वळणावरच्या सुताराकडून एक पिशवी आणली होती. फुकट दिली त्यानं, वर म्हणाला, "सापाला गादी? माझ्या सासऱ्यांना सांगू नका, ते उद्या दारात उभे राहतील." पण त्या किसाला राळेचा वास होता. असा वास सापाच्या छातीला बाधतो, हे दादाच्या वहीत लिहिलेलं सापडलं. तो कीस परत नेऊन दिला. मग दुकानातून पांढऱ्या मऊ लाकडाचा आणला. गरम पाण्यात घालून, झाकण ठेवून, तासाभरानं हुंगला. वास नाही. चाळला. धूळ नाही. भाडेकरूनं त्यात बोगदे केले आहेत आणि ते ढासळत नाहीत.

हा कीस वाजतो. तो सरकला की ऐकू येतं. पाचोळ्याएवढं नाही, पण येतं. आवाज नसलेलं अंथरूण मिळत असताना मी वाजणारं घेतलं. का घेतलं, ते आता लिहितो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

त्या शुक्रवारी, जानेवारीच्या सात तारखेला, दादा कामावरून आला तेव्हा मी चिडलेलो होतो. आठवडाभर झोप झाली नव्हती. त्याला म्हटलं, तुझ्या त्या जनावराची खसखस भिंतीतून येते. तो म्हणाला, "बाबा, आवाज येतोय म्हणजे तो ठीक आहे. आवाज बंद झाला की काळजी करायची." एवढं तो एका दमात कधी बोलत नसे. मी म्हटलं, "या घरात एक तर ते जनावर राहील, नाहीतर मी." तो चपला काढत राहिला. मग मी म्हटलं, "नाहीतर त्याला घेऊन तूच जा. छत्तीस वर्षांचा झालास." हे शेवटचं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

तो खोलीत गेला. दाराला पाटी अडकवल्याचं मी पाहिलं. रुसला की तो एक-एक दिवस बाहेर येत नसे, हे तुला माहीत आहे. खोलीत किटली, बिस्किटं, स्वतःची न्हाणी, सगळं होतं. मी कानात कापूस घालून निजलो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, एका क्षणात झालं असेल, हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नसेल. त्यांनी तसं स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यांना कापसाचं माहीत नाही.

शनिवारी चारला मी दाराशी गेलो. कापूस काढलेला होता. म्हटलं, "चहा ठेवतोय." आतून खसखस आली. मला वाटलं, तो जमिनीवर बसून पेटीचं काहीतरी करतोय आणि मुद्दाम बोलत नाही. आपल्या घरात शब्दांत उत्तर मिळायची सवय तुझी आई गेल्यापासून कोणालाच राहिली नव्हती. म्हणून मी तेच उत्तर धरलं.

मग मी बोललो. दारावर पाटी होती म्हणून बोलता आलं, तोंड दिसत असतं तर जमलं नसतं. म्हटलं, काल बोललो ते मनावर घेऊ नकोस. राहू दे त्याला. तूही राहा. तू गेलास तर मला करमणार नाही. आवाज न करणारं अंथरूण मी शोधून देतो, मला मातीतलं कळतं.

पुन्हा खसखस आली. पहिल्यापेक्षा लांब, दाराच्या अगदी जवळ. मला वाटलं, हसला.

ठमे, मी चहा घेतला. रात्री पोटभर जेवलो. कापूस न घालता शांत झोपलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. रविवारी दिवसभर मी पाटीचे दोन दिवस पुरे होण्याची वाट पाहत होतो. संध्याकाळी सातला ते पुरे झाले. हाक मारली. उत्तर नाही, आवाजही नाही. तेव्हा खाली जाऊन शिंपीकाकांना बोलावलं, दार तोडावं लागेल म्हणून. ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. त्यांनी दाराला एक बोट लावलं.

दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलेलं होतं.

हे तुला, डॉक्टरांना, कोणालाच सांगितलं नाही. शिंपीकाकांनीही सांगितलं नाही. ते स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून उभे राहिले होते.

खोलीभर वाळका पाचोळा पसरला होता. पेटी निम्मी रिकामी. टेबलावर काथ्याच्या भुशाचं ते पाकीट, नुकतं कापलेलं. मी ओरडलो म्हणून तो त्याच रात्री बिनआवाजाचं अंथरूण घालायला बसला होता. येताना घेऊनच आला होता की काय, की आधीच आणून ठेवलं होतं, ते कळायला मार्ग नाही. भाडेकरूला तेवढ्यापुरतं ठेवलेल्या बादलीचं झाकण सरकलेलं होतं. तो पानांतून फिरत होता. आम्ही आत गेलो तेव्हा तो दादाच्या उजव्या हातावर येऊन बसला होता.

मी बोललो कोणाशी, हे तू विचारलंस. भाडेकरूशी बोललो. महिनाभर मला हेच उत्तर पुरेसं वाटत होतं. आवाजाचा हिशेब लागतो, जनावर होतं, पानं होती. फक्त गेल्या महिन्यापासून जो आवाज येतो, त्याचा लागत नाही. तो शनिवारीच येतो आणि चारलाच येतो. तू म्हणशील, बाबांच्या कानात बसलाय तो. असेलही. मी वाद घालत नाही.

पण खोलीत वाजणारं काहीच नसताना वाजलं, तर मला ते उत्तर वाटतं. आणि मला ते उत्तर वाटायला नको आहे. एकदा वाटलं तेवढं पुरे. म्हणून कीस वाजणारा घेतला. वाजला तर भाडेकरू आहे, एवढंच धरीन.

भाडेकरूला मी देणार नाही. शनिवारी दाराबाहेरून कबूल केलं, ते त्यानंच ऐकलं आहे. तुझ्याकडे राहायलाही तूर्त येत नाही. तू रागावशील. तुझा राग कमी व्हावा म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. तो राहिला तरी तो तुझा हक्क आहे.

दोन कामं सांगतो, तेवढी कर. पाटी या पाकिटात घातली आहे. फाड, जाळ, काहीही कर. ती इथे नको. आणि घराची एक किल्ली शिंपीकाकांकडे दिली आहे, त्यांचा नंबर मागे लिहिला आहे. तू फोन केलास आणि मी उचलला नाही, तर बाबा झोपले असतील, रुसले असतील, असलं काही धरू नकोस. लगेच त्यांना वर पाठव. दार लोटलेलं असो की कडी लावलेली.

आता चारला दहा मिनिटं कमी आहेत. भाडेकरूचं पाणी बदलायचं आहे. भांडं दादाच्या खोलीतच राहिलं, म्हणून तांब्या भरून घेतला आहे. आत कोणी नाही हे मला माहीत आहे. तरी रोज करतो तसंच करीन. आधी दार वाजवीन, आणि आवाज आला तरी, न आला तरी, लगेच उघडून आत जाईन.

तुझा,
बाबा